सराफ बाजारात नाणी तपासून घेताना

नाशिकच्या सराफ बाजारालगतच्या एका बोळात जुन्या नाण्यांचे लहानसे दुकान आहे आणि तेथे माफक शुल्कात नाणी ओळखूनही दिली जातात. गेल्या महिन्यात मी दोन चांदीची नाणी घेऊन तेथे गेलो होतो. एक आजोबांच्या डबीतले होते. त्यावर ग्रीक अक्षरे असल्यामुळे आमच्या घरात ते 'रोमन नाणे' म्हणूनच ओळखले जाई. दुसरे मी दोन वर्षांपूर्वी एका प्रदर्शनातील विक्रेत्याकडून रोमन सम्राट टायबेरियसचा देनारियस, म्हणजे रोमन चांदीचे नाणे, म्हणून चार हजार रुपयांना घेतले होते.

नाणे पाहताक्षणी नाव सांगून मोकळे न होण्याची दुकानदारांची पद्धत मला सर्वाधिक भावली. त्यांनी आधी दोन्ही नाणी काट्यावर ठेवली. टायबेरियसच्या काळातील देनारियस साधारण पावणेचार ग्रॅमचा असतो, इ.स. 64 च्या सुमारास सम्राट नीरोने वजन घटवले, तेव्हाही तो 3.4 ग्रॅमच्या आसपास राहिला. माझे विकतचे नाणे 2.9 ग्रॅम भरले. एवढी तूट झिजेमुळे आली असती तर सम्राटाचा चेहराही पुसट झाला असता, पण त्याच्या डोक्यावरची पानांची माळ स्पष्ट दिसत होती.

मग त्यांनी दिवा खाली ओढला, नाणे कडेने धरले आणि दहापट भिंग माझ्याच हाती दिले. दोन ठशांमध्ये चकती ठेवून हातोड्याचा घाव घातला की अक्षरे धारदार उठतात. माझ्या नाण्यावरची 'पॉन्टिफ मॅक्झिम', म्हणजे सर्वोच्च पुरोहित, ही अक्षरे मात्र कडांना विरघळल्यासारखी होती. मागच्या बाजूवरील आसनस्थ स्त्रीच्या खुर्चीजवळ सुईच्या टोकाएवढे खड्डे होते आणि कडेवर कानशीच्या एकाच दिशेने गेलेल्या रेघा होत्या. साच्यात ओतताना अडकलेल्या हवेने ते खड्डे पडले होते आणि साच्याचा जोड लपवण्यासाठी कड घासलेली होती. भारतात सापडलेल्या रोमन चांदीच्या नाण्यांत ऑगस्टस आणि टायबेरियस यांचीच नाणी सर्वाधिक असल्याने नकलाही त्यांच्याच फार होतात, असे त्यांनी सांगितले. चार हजार गेल्याचे वाईट वाटले. पण माझ्या डोळ्यांनी पटवून दिल्यामुळे शंका उरली नाही.

आजोबांचे नाणे 2.1 ग्रॅमचे निघाले, म्हणजे देनारियस असण्याची शक्यता तेथेच संपली. त्यावरील लिपी ग्रीक असली तरी शब्द आपलेच आहेत: राजा क्षहरात नहपान याचे नाणे. नहपान हा पश्चिम क्षत्रप घराण्यातला राजा. मागे बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी या प्राचीन लिप्यांतील अक्षरे. मुखवट्याच्या गालावरून तीन कमानींच्या टेकडीचा दुसरा ठसा गेलेला आहे, तो सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा. नहपानाला हरवल्यावर त्याने त्याचीच चांदी आपल्या चिन्हांनी पुन्हा छापली. आपल्या जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे 1906 मध्ये नहपानाची तेरा हजारांहून अधिक नाणी सापडली आणि त्यांतील बहुसंख्य अशीच पुन्हा छापलेली होती. ज्या नहपानाच्या जावयाचे, उषवदाताचे, दानलेख मी पांडवलेण्यांत कितीदा पाहिले, त्याचे नाणे आमच्या कपाटात पडून होते, हे कळल्यावर मला काही क्षण बोलताच आले नाही.

उणिवाही नोंदवायला हव्यात. लेखी अहवाल देण्याची पद्धत येथे नाही. मी आग्रह धरला तेव्हा त्यांनी कागदी पाकिटावर पेन्सिलीने वजन, राजा आणि ठशांचे वर्णन लिहून दिले. जागा इतकी अरुंद आहे की दुसरे गिऱ्हाईक आले की काम थांबते, त्यामुळे दुपारी गर्दी नसताना जावे. दोन्ही नाण्यांचे मिळून तीनशे रुपये झाले. आजोबांचे नाणे चिंचेने उजळून घ्यावे का, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी ते लगेच पाकिटात घालून माझ्या हाती दिले आणि त्यावरचा काळा थर आहे तसाच राहू द्यावा, असे बजावले.