जपान–अमेरिका युद्ध, १९०७ : पटखेळाचा काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

१९०७ मध्ये जपान आणि अमेरिका यांच्यात युद्ध पेटले असते तर काय घडले असते, या कल्पनेवर बेतलेला हा दोघांचा पटखेळ गेले काही महिने आमच्या घरी नियमित मांडला जातो. त्याचे खरे बळ तोफांच्या नव्हे, तर कोळशाच्या नियमांत आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

पार्श्वभूमी काल्पनिक नाही. ऑक्टोबर १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळा मंडळाने जपानी मुलांना वेगळ्या शाळेत धाडण्याचा आदेश काढला आणि त्सुशिमाच्या समुद्रात रशियन आरमारावर मिळवलेला १९०५ चा विजय ताजा असलेल्या जपानमध्ये संताप उसळला. प्रत्यक्षात समझोता झाला. खेळात तो फिसकटतो.

अमेरिकेकडून खेळणाऱ्याच्या हाती १६ युद्धनौका असतात, पण त्या अटलांटिकमध्ये. पनामा कालवा १९१४ मध्ये खुला झाला, म्हणून सारा ताफा दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी असलेल्या मॅगेलनच्या सामुद्रधुनीतून न्यावा लागतो. खऱ्या ताफ्याने १६ डिसेंबर १९०७ रोजी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील हॅम्प्टन रोड्स सोडले आणि तो सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचला ६ मे १९०८ रोजी, तेही शांततेच्या काळात. त्याला कोळसा पुरवणारी जहाजे बहुतांशी ब्रिटिश होती, आणि ब्रिटन तर १९०२ पासून जपानचा मित्र. खेळात युद्ध सुरू होताच तटस्थतेचे पान उलटते आणि भाड्याची कोळसावाहू जहाजे पटावरून उचलली जातात. परवाच्या डावात समोरच्या खेळाडूने रिओला ताफा थांबवला, कोळशाचे काळे ठोकळे एकेका नौकेखाली मांडले, आणि त्या सामुद्रधुनीतील पुंता अरेनास बंदराच्या पुढे निम्म्याच नौका नेता येतील हे लक्षात येताच तो बराच वेळ पटाकडे पाहत राहिला. तोवर माझ्या जपानी सैन्याने, तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात असलेल्या फिलिपिन्समधील मनिलाला वेढा घातला होता. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०७ मध्येच फिलिपिन्सला अमेरिकेची ‘अकिलीसची टाच’, म्हणजे मर्मस्थान, का म्हटले, हे अशा वेळी पुरते उमगते.

पट जाड पुठ्ठ्याचा आहे आणि घड्या अजून शाबूत आहेत. नियमपुस्तिकेतील रात्रीच्या टॉर्पेडो हल्ल्याचा भाग मात्र फार गुंतागुंतीचा आहे.

माझी गंभीर तक्रार जपानच्या तिजोरीबद्दल आहे. रशियाशी झालेले युद्ध जपानने लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये उभारलेल्या कर्जांवर लढले होते, १९०५ च्या पोर्ट्समथ तहात त्याला युद्धखंडणी मिळाली नाही, आणि त्या रागातून तोक्योत दंगल उसळली. एवढे सारे वगळून हा खेळ जपानला नव्या युद्धनौका सहज बांधू देतो, हे मला मुळीच पटत नाही. म्हणून आम्ही घरचा नियम केला आहे : दर फेरीला कर्जाचा हप्ता आधी फेडायचा, उरल्यास गोदीला द्यायचे. तेव्हापासून जपानकडून खेळणारा मनिला घेताच हवाईकडे न वळता तहाची बोलणी सुरू करतो, आणि डावाची चुरस त्या वाटाघाटींत रंगते.