‘जागा सुस्थितीत मिळाली’ या वाक्याखाली सही करण्याआधी

माझी अनामत रक्कम ज्या वाक्याने अडकवली, ते असं होतं: ‘सदर जागा भाडेकरूने स्वतः पाहून, ती सुस्थितीत असल्याची खात्री करून ताब्यात घेतली असून, मुदत संपल्यावर ती त्याच सुस्थितीत परत करण्याची जबाबदारी भाडेकरूची राहील.’ वीजबिल आणि पाणीपट्टीच्या कलमांच्या मधोमध ते बसलेलं होतं. करार वाचून दाखवणाऱ्या एजंटला मी तिथे थांबवलं, तर तो म्हणाला, “अहो, हे छापीलच असतं. सगळ्यांच्या करारात असतं.” त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. म्हणूनच हे लिहितेय, कारण तुमच्याही करारात ते असणार.

जागा पाहिली तेव्हा नुकताच रंग दिलेला होता. भिंती गुळगुळीत, कुठे डाग नाही. पहिला मोठा पाऊस झाला आणि मागच्या भिंतीचे पोपडे सुटायला लागले. खालच्या बाजूने ओल चढत होती, लाकडी कपाटाचं तळ फुगलं, कोपऱ्यात बुरशी आली. शेजारच्यांनी सहज सांगितलं, “ती भिंत ना? आधीचे लोक त्या भिंतीपायीच गेले.” मालकांना फोन केला. “बघतो, माणूस पाठवतो.” पुढच्या वेळीही तेच. माणूस कधी आला नाही. मालक बोलायला अतिशय गोड होते, हेही सांगून ठेवते. चिडका मालक असता तर मी सगळं लेखी कळवलं असतं.

जागा सोडायच्या दिवशी मालक कंत्राटदाराला घेऊन आले. संपूर्ण भिंतीचं प्लॅस्टर, नवं कपाट, दाराची चौकट आणि वर सगळ्या जागेला रंग, एवढं त्यांच्या यादीत होतं. अनामत त्यात संपत होतीच, वर माझ्याकडूनच काही येणं निघत होतं. मी ओलीचं बोलले तेव्हा त्यांनी करारावर बोट ठेवलं. “जागा सुस्थितीत मिळाली हे तुम्हीच लिहून दिलंय. आता भिंत बघा.”

या वाक्याचे दोन तुकडे आहेत आणि आपण सगळे दुसराच वाचतो. ‘सुस्थितीत परत करीन’ हे वचन आहे. त्यात वावगं काही वाटत नाही, कारण दुसऱ्याची वस्तू नीट परत करावी हे आपल्याला पटलेलंच असतं. पहिला तुकडा मात्र वचन नाही, तो जबाब आहे. त्या दिवशी जागा कशी होती याची साक्ष आपण आपल्याच सहीने देतो. पुढे वाद झाला की जागा तेव्हा कशी होती हे मालकाला वेगळं सिद्ध करावं लागत नाही. तुमची साक्ष त्याच्या खिशात असते, आणि ती खोटी होती हे तुम्हालाच दाखवून द्यावं लागतं.

सुस्थिती म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न न्यायालयांपुढे फार जुना आहे. इंग्लंडमधल्या १८९० च्या ‘प्राउडफूट विरुद्ध हार्ट’ या खटल्यात अपील न्यायालयाने जी कसोटी सांगितली, ती आजही वकील वापरतात. घराचं वय, त्याचा दर्जा आणि ते कोणत्या वस्तीत आहे हे धरून, तिथे सहसा राहायला येणाऱ्या समंजस भाडेकरूला चालेल अशी अवस्था, एवढंच अपेक्षित. दोनशे वर्षांचं घर नव्यासारखं करून देण्याची जबाबदारी कुणावर येत नाही. भिंतीवरचा कागद आला तेव्हापेक्षा जुना झाला म्हणून नवा लावायची सक्तीही नाही. हे वाचून मला जरा धीर आला होता. मग माझ्या वकिलांनी १८४७ चा ‘पेन विरुद्ध हेन’ दाखवला. घर सुस्थितीत ठेवीन आणि तसंच परत करीन असं कबूल केलं असेल, तर ते मुळात मोडकं मिळालं होतं ही सबब चालत नाही. आधी दुरुस्त करा, मग तसं ठेवा. म्हणजे ‘ताबा घेतला तेव्हा होती तशी’ हे शब्द नसलेलं कोरं ‘सुस्थितीत’ त्याहून घातक. माझ्या करारात निदान ‘त्याच सुस्थितीत’ असं होतं. फक्त ‘त्याच’ म्हणजे कोणत्या, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

भारतात मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम १०८ भाडेकरूच्या बाजूने बरंच काही बोलतं. जागा ताब्यात मिळाली तेव्हा जशी होती तितक्या चांगल्या स्थितीत परत करायची, वाजवी वापराने झालेली झीज आणि अटळ आपत्ती सोडून. मालकाला माहीत असलेला, भाडेकरूला माहीत नसलेला आणि साधारण काळजी घेऊनही न दिसणारा मोठा दोष मालकाने सांगितलाच पाहिजे, हेही त्याच कलमात आहे. पण हे सगळं करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तरच. शिवाय तो भाडेपट्टा नसून ‘परवाना’, म्हणजे जागा वापरायची नुसती परवानगी, असेल तर हे कलम लागूच होत नाही. तिथे सुविधाधिकार कायद्याचं कलम ५७ आहे, ते माणसाला किंवा सामानाला धोका होईल अशाच दोषांपुरतं.

रंगाखाली ओल दडवणं ही फसवणूकच ना, असं मी विचारलं. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७ प्रमाणे जाणूनबुजून लपवणं ही फसवणूक आहे. नुसतं गप्प बसणं मात्र सहसा नाही. रंग भिंत झाकायला दिला की नवा भाडेकरू येणार म्हणून नेहमीसारखा दिला, यातला फरक मालकाच्या मनात असतो आणि पुरावा मात्र आपल्याला आणावा लागतो. त्यातून ‘स्वतः पाहून, खात्री करून’ हे शब्द. ते शोभेचे नाहीत. कलम १९ म्हणतं की गप्प राहून फसवलं असेल, पण साधारण दक्षतेने खरं कळण्यासारखं होतं, तर करार रद्द करता येत नाही. जुन्या वस्तूंच्या खरेदीतही हेच शब्द काम करतात. वस्तू विक्री कायदा, १९३० च्या कलम १६ नुसार माल तपासून घेतला असेल, तर त्या तपासणीत दिसायला हवे होते अशा दोषांबद्दल कायद्याची हमी उरत नाही. त्यामुळे वापरलेलं यंत्र किंवा गाडी घेताना पावतीवर ‘तपासून, चालू स्थितीत मिळाली’ असं कुणी लिहून मागितलं, तर तेवढीच सावधगिरी बाळगा.

झिजेच्या सवलतीवरही फार विसंबू नका. ‘हॅस्केल विरुद्ध मार्लो’ या १९२८ च्या निकालातलं कौलाचं उदाहरण प्रसिद्ध आहे. जुनं झालेलं कौल निसटून पडलं तर ते भाडेकरूच्या माथी नाही. पण त्या भोकातून पाणी गळत असताना तो हातावर हात धरून बसला आणि खालचं लाकूड कुजलं, तर ते लाकूड त्याच्या माथी. मालकांच्या वकिलाने नेमका हाच धागा पकडला: ओल दिसत होती तर कळवलं का नाही? कळवलं होतं, पण तोंडी.

या प्रकरणात माझ्या डोक्यात खरा उजेड पडला तो जहाजांच्या कागदांमुळे. मालवाहू जहाजाचा कप्तान माल चढवून घेताना पावती देतो. १९२४ च्या हेग नियमांनुसार त्यात मालाची ‘वरकरणी’ स्थिती लिहायची असते. कप्तान खोकी उघडून बघत नाही, आत काय आहे याची साक्षही देत नाही; बाहेरून जे दिसतं तेवढंच. पिंप गळत असेल, पोती फाटलेली असतील तर तसा शेरा मारतो. मालाचे पैसे देणारी बँक शेरा असलेली पावती सहसा स्वीकारत नाही, त्यामुळे माल पाठवणारा गळ घालतो की शेरा नको, वाटल्यास नुकसान झालं तर भरून देण्याची हमी लिहून देतो. १९५७ मध्ये संत्र्याच्या रसाची गळकी पिंपं अशाच हमीवर स्वच्छ पावती देऊन चढवली गेली. पुढे भरपाई द्यावी लागली तेव्हा जहाजवाल्यांनी ती हमी पुढे केली, आणि इंग्लंडच्या अपील न्यायालयाने ती अमलात आणायला नकार दिला. खोटी पावती देण्याच्या बदल्यात घेतलेली हमी कसली, असा त्याचा अर्थ. तिथे तर हमी लेखी होती. माझ्याकडे होतं फक्त “बघतो”.

शेवटी तडजोड झाली. मी जागा घेतली त्याच आठवड्यात बहिणीला पाठवलेला एक फोटो सापडला. त्यात कपाटामागचा नवा रंग भिंतीच्या तळाशी फुगलेला दिसत होता आणि संदेशावर तारीख होती. मालकांचा सूर लगेच बदलला. वरचं येणं त्यांनी सोडलं, अनामतीचा काही भाग परत केला, उरलेला मी सोडला. खटला चालवायचा तर खर्च रकमेच्या पुढे गेला असता, आणि हे त्यांनाही माहीत होतं.

आता करारात मी हे लिहून घेते, हवं तर उचला: ‘जागा, सोबतच्या परिशिष्टात व छायाचित्रांत नोंदलेल्या दोषांसह, वरकरणी पाहता सुस्थितीत मिळाली. भिंतींच्या आतील, रंगाखालील व नळजोडणीतील दोष भाडेकरूने तपासलेले नाहीत. परत करताना तुलना परिशिष्टातील स्थितीशीच केली जाईल; वाजवी झीज व मूळ बांधकामातील दोष वगळून.’ परिशिष्टाच्या प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या आणि तारीख. पुढे काही बिघडलं की फोन करून झाल्यावर तेच लगेच लेखी पाठवायचं, आणि मालक गोड बोलणारे असतील तर आधी पाठवायचं.

नव्या जागेच्या मालकीणबाईंनी हे कलम चष्मा लावून वाचलं. बाकी सगळं मान्य, पण गळक्या नळाची नोंद कशाला, तो उद्याच बदलून देते, म्हणाल्या. मी म्हटलं, नोंद राहू द्या, नळ बदलला की दोघी मिळून खोडू. त्यांनी जरा कपाळाला आठ्या घातल्या आणि सही केली. दुसऱ्या दिवशी प्लंबर आला, आणि ती ओळ आम्ही खोडली.