ह्यूगोवर मार्कडाउन: काही महिने वापरल्यानंतर

स्टॅटिक होस्टला (साइटच्या तयार फाइली ठेवणाऱ्या सेवेला) मार्कडाउन, म्हणजे तारका-हॅशसारख्या साध्या खुणा वापरून लिहिलेला मजकूर, कळत नाही. फाइल ठेवली की तो ती जशीच्या तशी ब्राउझरकडे सरकवतो. मार्कडाउनसाठी वेगळा माइम प्रकार (फाइल कसली आहे हे ब्राउझरला सांगणारी खूण) २०१६ पासून नोंदलेला आहे, पण म्हणून ब्राउझर काही ते मांडून दाखवत नाही. कधी फाइल डाउनलोड होते, कधी तारका नि हॅशसकट कच्चा मजकूर उघडतो. त्यात सर्व्हरने यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) सांगितलं नसेल तर देवनागरीचा पार विचका.

काही होस्ट परस्पर जेकिल (मार्कडाउनची एचटीएमएल पानं बनवणारं साधन) चालवून देतात. सोय चांगली, पण पान बिघडलं की दोष फाइलचा, थीमचा की त्यांच्याकडच्या आवृत्तीचा, हे शोधत बसा. म्हणून त्याच कामाचं ह्यूगो घेतलं. एचटीएमएल आपल्याच मशीनवर बनतं, 'पब्लिक' फोल्डर तेवढं वर चढवायचं. वेग जबरदस्त आहे. सेव्ह करेपर्यंत प्रीव्ह्यू बदललेला असतो.

खटकणारं पहिलं म्हणजे ०.६० आवृत्तीपासून आलेलं गोल्डमार्क, म्हणजे मार्कडाउनचं एचटीएमएल करणारा ह्यूगोमधला भाग. मार्कडाउनमध्ये लिहिलेलं एचटीएमएल ते गाळतं. चालू करायच्या सेटिंगचं नाव 'अनसेफ'! घाबरू नका, लिहिणारे तुम्ही एकटेच असाल तर बिनधास्त चालू करा.

मराठीत लिहिणाऱ्यांना खरा त्रास ठळक अक्षरांचा. गोल्डमार्क पाळतं त्या कॉमनमार्क या मार्कडाउन नियमावलीनुसार, ठळक करायला दुहेरी तारकांमध्ये ठेवलेला मजकूर अवतरणचिन्हाने किंवा कंसाने संपला आणि त्याला लगेच 'ला', 'मध्ये', 'चा' चिकटला, तर तारका बंदच होत नाहीत, तशाच पानावर दिसतात. नुसत्या शब्दाला प्रत्यय लावला तर चालतं. अंडरस्कोरने तिरपं केलं तर मात्र तेही नाही, म्हणून मी अंडरस्कोर सोडूनच दिला. अवतरणचिन्हं तारकांच्या बाहेर काढली की काम होतं. नियम इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून केलाय, दुसरं काय!

साइट उपफोल्डरमध्ये असेल तर ह्यूगोच्या सेटिंगमधला बेस यूआरएल (साइटचा पूर्ण पत्ता) आधी नीट भरा, नाहीतर सीएसएस (पानाचं रूप ठरवणारी फाइल) सापडणार नाही. विंडोजवर चालणारी चित्रं होस्टवर गायब झाली, तर फाइलनावातली लहान-मोठी अक्षरं तपासा. आणि पान बनतच नसेल, तर फाइलच्या सुरुवातीच्या माहितीत 'ड्राफ्ट' खरं (true) ठेवलंय का बघा.

थीमच्या बाबतीत जपून. ह्यूगो अपडेट केलं की जुनी थीम कधीकधी बिल्डच होऊ देत नाही. चालणारी आवृत्ती लिहून ठेवा आणि गरज नसेल तर अपडेट करू नका.