डिजिटल सातबारा: डोंगरपायथ्याचा प्लॉट तपासायला पंधरा रुपयांत काय मिळतं

मुळशी, मावळ, कर्जत, पालीकडच्या 'हिल व्ह्यू एनए (बिनशेती) प्लॉट'च्या जाहिराती पाहून टोकन देण्याआधी राज्याच्या भूमी अभिलेखांच्या 'महाभूमी' संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा सातबारा काढाच. एका उताऱ्याला १५ रुपये. फुकटात दिसतो तो उतारा फक्त पाहण्यापुरता, त्याला कायदेशीर किंमत नाही. सशुल्क प्रतीवर क्यूआर कोड आणि १६ अंकी पडताळणी क्रमांक असतो. एजंटने व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ त्यावरून खरी की खोटी ते लगेच कळतं.

ही सेवा सगळ्यात जास्त उपयोगी पडते ती 'एनए आहे' हा दावा तपासायला. खऱ्या बिनशेती सातबाऱ्यावर क्षेत्र आर-चौरस मीटरमध्ये येतं आणि खाली सूचना असते की क्षेत्र अकृषक झाल्याने गाव नमुना १२ ची (पिकांच्या नोंदीची) गरज नाही. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असेल आणि बाराच्या रकान्यात भात किंवा गवत दिसत असेल, तर एजंट काहीही म्हणो, ती शेतजमीनच आहे. आणि कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला ती परवानगीशिवाय घेता येत नाही.

मग इतर हक्काचा रकाना. घाईत लोक तो सोडून देतात, पण खरी मेख तिथेच असते. 'खाजगी वन' किंवा भारतीय वन अधिनियम कलम ३५(३) ची नोंद असेल तर तिथेच थांबा. डोंगरातल्या जमिनींवर अशा नोंदी असतात आणि त्या दोन सह्यांनी निघत नाहीत. कुळाचं नाव, बँकेचा बोजाही इथेच पाहायचा. जमीन भोगवटादार वर्ग २ ची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) आहे का, ते उताऱ्यावर वर भूधारणा पद्धतीत दिसतं. शेवटचा फेरफार (हक्कबदलाची नोंद) आणि प्रलंबित फेरफार उताऱ्यावर छापलेला येतो, ही चांगली सोय आहे. फेरफाराची नोटीस 'आपली चावडी' संकेतस्थळावर पाहता येते.

एकाच गटावर वीस-पंचवीस मालकांची नावं सामाईकात दिसली तर ती गुंठेवारी असू शकते. शेती झोनमध्ये प्रमाणभूत क्षेत्र (सर्वात लहान स्वतंत्र तुकडा) जिरायतीला २० गुंठे, बागायतीला १० गुंठे. त्याखालचा तुकडा स्वतंत्र होत नाही, म्हणून नावं चढवून 'आपला एक गुंठा' विकला जातो. त्याला स्वतःची हद्द नसते. बांधकाम परवानगी आणि कर्ज दोन्ही अडतात.

इथपर्यंत सेवा उत्तम. पुढे मात्र ती फार तोकडी पडते. सातबारा मालक सांगतो, डोंगर सांगत नाही. झोन नाही, उतार नाही, गाव पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात आहे का तेही नाही. सरकारच्या ऑनलाइन भूनकाशावर गटाचा आकार दिसतो, पण समोच्च (उंची दाखवणाऱ्या) रेषा दिसत नाहीत. एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे १:५ हून तीव्र उतारावर विकास करता येत नाही, म्हणजे पाच मीटर पुढे गेल्यावर एक मीटरपेक्षा जास्त चढ असेल तर नाही. त्यासाठी गट नंबर देऊन नगररचना विभाग किंवा पीएमआरडीएकडून (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) झोन दाखला घ्यावा लागतो आणि भूमी अभिलेखाकडून मोजणी नकाशा.

जागेवर पाहायचं ते असं: रस्त्यासाठी पायथा उभा कापला आहे का, ओढा बुजवून पाइप टाकलाय का, कापलेल्या मातीला आधारभिंत आणि पाणी निघायला भोकं आहेत का. पायथा तोडला की वरच्या मातीचा आधार जातो, पाण्याची वाट बंद झाली की ती माती भिजून जड होते. माळीण (२०१४), तळिये (२०२१), इर्शाळवाडी (२०२३) इथल्या दरडींनंतर पावसाळ्यात भिजणाऱ्या उतारावर एवढं बघितल्याशिवाय सही करणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. प्लॉट आपला असला तरी कापलेल्या उताराची माती खालच्या वाडीवर येते.

महारेराचा (राज्याच्या स्थावर संपदा नियामकाचा) नोंदणी क्रमांकही मागा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या आणि आठाहून जास्त प्लॉटच्या योजनेला नोंदणी लागते आणि मंजूर लेआउट तिथे दिसायला हवा. त्यातला गट नंबर सातबाऱ्याशी जुळवा.

सरकारने एक गोष्ट करावी: झोन आणि उताराची नोंद थेट सातबाऱ्यावर छापावी. त्यासाठी १५ ऐवजी ५० रुपये घेतले तरी चालतील.