आयसीयूतलं ‘काउन्सेलिंग’: सेवा म्हणून कसं आहे?

पुण्या-मुंबईच्या खासगी रुग्णालयांत आयसीयूतल्या पेशंटच्या नातेवाइकांना दिवसातून एकदा, फार तर दोनदा डॉक्टर भेटतात. याला काउन्सेलिंग म्हणतात. बिलात त्याची वेगळी ओळ बहुधा नसते, पण म्हणून ती फुकटची मेहेरबानी ठरत नाही. सेवा म्हणून तपासली तर बहुतेक ठिकाणी पाचपैकी दोन गुण. वेळ ठरलेली, बसायला खुर्च्या, रोज तोच इंटेन्सिव्हिस्ट (आयसीयूचा तज्ज्ञ डॉक्टर) आणि शेजारी पेशंटची नर्स, एवढं जिथे आहे तिथे चार.

दोन गुणवाल्या सेवेचं रूप ओळखीचं आहे. दारातून हाक येते, उभ्या उभ्या तीन-चार मिनिटं आरएमओ, म्हणजे ड्यूटीवरचे निवासी डॉक्टर, बोलतात, ‘क्रिटिकल आहे, प्रयत्न चालू आहेत’ म्हणतात आणि सहीसाठी कागद पुढे येतो. त्यावर ‘परिस्थिती समजावून सांगितली, नातेवाइकांना समजली’ हे आधीच छापलेलं असतं. नातेवाइकांना काय समजलं, हे मात्र कुणी विचारत नाही.

खरी खोट इथेच आहे: बोलतात फक्त डॉक्टर. फ्रान्समध्ये 22 आयसीयूंत, मरणासन्न असलेल्या 126 पेशंटच्या कुटुंबांवर झालेला अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. निम्म्या कुटुंबांना नेहमीची भेट मिळाली, निम्म्यांना आखीव भेट आणि माहितीपुस्तिका. नेहमीची भेट साधारण 20 मिनिटांची, आखीव 30 मिनिटांची; पण कुटुंबाचं बोलणं 5 मिनिटांवरून 14 वर गेलं. 90 दिवसांनंतर मानसिक आघाताची लक्षणं नेहमीच्या गटात 69 टक्के लोकांत होती, दुसऱ्या गटात 45 टक्के. यंत्र नाही, औषध नाही, दहा मिनिटं जास्त आणि ऐकून घेणं. आपल्याकडे एका डॉक्टरमागे पेशंट जास्त असतात हे खरं, पण पुस्तिका छापायला कुणाची ड्यूटी आडवी येते?

दुसरी खोट ‘स्टेबल’ या शब्दाची. डॉक्टरांच्या तोंडी त्याचा अर्थ ‘कालच्यासारखंच’. काल वाईट असेल तर आजही वाईट. नातेवाईक ऐकतात ‘धोका टळला’. त्यापेक्षा चार गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरं तारखेसह वहीत लिहावीत. ऑक्सिजन किती टक्के लागतोय (आपल्या खोलीतल्या हवेत 21 असतो)? बीपी टिकवून धरणाऱ्या औषधाचा, म्हणजे नॉरॲडचा, डोस कालपेक्षा वर की खाली? तासाला लघवी किती (60 किलोच्या माणसाला निदान 30 मिली अपेक्षित)? शुद्ध कितपत आहे, आणि झोपेचं औषध चालू आहे का? झोपेचं औषध चालू असेल तर शुद्धीवरून फार काही ठरवू नये.

तिसरी अडचण सगळ्यात जास्त घोळ घालते. सर्जन म्हणतात ऑपरेशन उत्तम झालं, किडनीवाले म्हणतात क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढणारा घटक) उतरतंय, आणि संध्याकाळी इंटेन्सिव्हिस्ट म्हणतात आशा कमी आहे. तिघंही खरं बोलत असतात. दोघं अवयवाबद्दल, तिसरा माणसाबद्दल. मग घरच्यांना वाटतं कुणीतरी फसवतंय, आणि त्याच दुपारी डिपॉझिटसाठी बिलिंग काउंटरवरून फोन आलेला असला की संशय पक्काच. चांगल्या आयसीयूत आठवड्यातून एकदा तरी सगळे डॉक्टर कुटुंबासमोर एकत्र बसतात. तशी बैठक मागता येते. तोंडी न मागता दोन ओळी लिहून सिस्टरकडे द्याव्यात.

कुटुंबाची बाजूही धड नसते. सकाळी मुलगा, दुपारी जावई, रात्री गावाहून आलेले काका, आणि प्रत्येकाला पहिल्यापासून ऐकायचं असतं. अमेरिकेतली मुलगी व्हिडिओ कॉलवर वेगळीच. बोलणारा एकच ठरवावा, बाकीच्यांना त्याने व्हॉट्सॲपवर कळवावं. ‘आईला काही सांगू नका’ हा आपला लाडका हट्ट सोडावा. व्हेंटिलेटरवर किती लांबवायचं हे ठरवताना, पेशंट असलेल्या वडिलांना स्वतःला काय हवं असतं हे बहुतेकदा त्या बाईलाच ठाऊक असतं.

हा शेवटचा विषय ही सेवा सगळ्यात वाईट हाताळते. उपचार थांबवायचं विचारलं की अनेक ठिकाणी अजून ‘डामावर (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेत असल्याच्या कागदावर) सही करा, घरी न्या’ एवढंच उत्तर मिळतं. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये घालून दिलेली आणि जानेवारी 2023 मध्ये सोपी केलेली पद्धत आहे: रुग्णालयाची तीन डॉक्टरांची समिती, तिच्यानंतर तीन डॉक्टरांची दुसरी समिती, प्रत्येकीचं मत शक्यतो 48 तासांत. असे उपचार नकोत असं वैद्यकीय इच्छापत्र (लिव्हिंग विल) पेशंटने केलेलं नसलं तरी जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने ती वापरता येते. रुग्णालयाला समितीबद्दल नेमकं विचारावं.

आणि रात्रीच्या फोनचं. ॲडमिट करताना दोन नंबर लिहून घेतात; पहिला रुग्णालयापासून जवळ राहणाऱ्याचा द्यावा, थोरल्याचा असलाच पाहिजे असं नाही. रुग्णालयाचा नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवावा, नाहीतर अनोळखी नंबर म्हणून रात्री तो उचलायचा राहून जाईल.