मोबाईलवरचा क्लास की गावातले सर? आठवी-नववीच्या पोरांसाठी

दर मे-जूनला माझ्या मोटार-दुरुस्तीच्या दुकानात पंपाची जळालेली मोटार भरायला आलेला एखादा तरी शेतकरी विचारतोच, "भाऊ, पोराला मोबाईलवरचा क्लास लावू की तालुक्याला पाठवू?" कोरोनाच्या आधी हा प्रश्न कुणाला पडत नव्हता. मला विचारतात, कारण माझ्या घरी दोन्ही करून झालंय. २०२०-२१ ला मुलगी नववीत होती आणि मुलगा तिसरीत. मुलगी त्या वर्षी बरेच महिने मोबाईलवरच शिकली. मुलगा आता आठवीत आहे, त्याचा निर्णय मी गेल्या वर्षी घेतला.

आमचं गाव जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेर तालुक्यात. फी, तास, कोणतं ॲप, पुस्तकातला क्यूआर कोड सरकारच्या दीक्षा ॲपवर कसा उघडायचा, हे सगळं तुम्हाला माहीत असणार. त्यात वेळ घालवत नाही.

मार्कांवरूनही काही ठरवू नका, निदान त्या दोन वर्षांच्या तरी. २०२१ ला दहावीची परीक्षा झालीच नाही आणि निकाल ९९.९५ टक्के लागला. २०२२ ला आमच्या मुलीने परीक्षा दिली तेव्हा अभ्यासक्रम २५ टक्के कमी, केंद्र आपल्याच शाळेत, गणिताच्या ४० मार्कांच्या पेपरला पाव तास जास्त. पोरांच्या अडचणी बघता ते योग्यच होतं. पण मोबाईलवर शिकून किती डोक्यात राहिलं, ते त्या मार्कांवरून कळत नाही. म्हणून मी वही बघतो.

आधी मोबाईलची चांगली बाजू सांगतो, कारण ती खरी आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये शाळा पुन्हा उघडल्या आणि महिनाभरात एसटीचा संप सुरू झाला, तो पार एप्रिलपर्यंत चालला. मुलीचं दहावीचं वर्ष. अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास दप्तरात, पण फाट्यावर गाडी येईना. मी मोटारसायकलवर सोडायचो, पण रब्बीचं पाणी सुरू झालं की जळालेल्या मोटारी सकाळी सातलाच दुकानात येऊन पडतात, मग जमायचं नाही. त्या दिवसांत रेकॉर्ड केलेल्या धड्यांनीच तिला तारलं. समरूपतेचं एक प्रमेय तिने थांबवून थांबवून चार वेळा ऐकलं. वर्गात सरांना चौथ्यांदा विचारायची तिची हिंमत झाली नसती. ताप आला, घरात लग्न निघालं, कापूस वेचायला माणूस मिळेना म्हणून दोन दिवस शेतात जावं लागलं, तरी धडा जागच्या जागी राहतो. ही सोय कोणताही क्लास देऊ शकत नाही.

आता ज्याने माझा निर्णय झाला ते सांगतो. गोष्ट छोटी आहे.

नववीच्या गणित भाग दोनमध्ये त्रिकोण रचना आहे. पाया दिलेला, एक कोन दिलेला आणि उरलेल्या दोन बाजूंची बेरीज दिलेली. मुलीला रीत तोंडपाठ होती, कधीही विचारा, क्रमाने सांगायची. पण आकृती काढली की त्रिकोण बसायचा नाही. दोन बाजू मोजून बेरीज करायची, तर दहा सेंटीमीटरच्या जागी कधी १०.३, कधी ९.६. ती पुसायची, पुन्हा काढायची. कागद पातळ होऊन एका पानाला भोक पडलं होतं. क्लासचा नियम असा की गृहपाठाचा फोटो काढून रात्री ग्रुपवर टाकायचा. ती टाकायची. पाच मिनिटांत तिकडून अंगठा यायचा. इतर पोरांच्याही फोटोंना तोच अंगठा, एकाखाली एक. फोटोत तीन मिलिमीटर कुणाला दिसणार? त्या शिक्षकांनाही मी दोष देत नाही. तेवढ्या मुलांचे फोटो एका माणसाने रात्री बसून बघायचे म्हटले तर दुसरं काय होणार? पण पोरगी अंगठा बघून गप्प व्हायची आणि मला म्हणायची, "पप्पा, बरोबर आहे म्हणे, पण बरोबर येत नाहीये."

तिने हे तीन-चार महिने सहन केलं. २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग भरवायला परवानगी मिळाली. आमच्या बाजूला थोडं मागेपुढे झालं, पण शाळा उघडली. पहिल्याच आठवड्यात गणिताचे सर बाकांमधून फिरताना तिच्या मागे उभे राहिले. तिने कंस ओढला. सर म्हणाले, "थांब," आणि कंपास तिच्या हातातून घेतला, नखाने त्याचा स्क्रू आवळला आणि परत दिला. बास. पेन्सिलीचा पाय ढिला होता. कंस सुरू व्हायचा एका मापाला आणि संपायचा दुसऱ्याला.

घरी येऊन तिने हे हसत सांगितलं. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. दिवसभर स्क्रू आवळणारा माणूस मी, आणि माझ्या घरातला एक स्क्रू मला दिसला नाही. माझ्या धंद्यातही हेच असतं. शेतकरी फोनवर सांगतो, मोटार नुसती गुणगुणते, फिरत नाही. मी म्हणतो, कपॅसिटर बघ. पुष्कळदा तेच निघतं. पण बेअरिंग जाम असेल तर शाफ्ट हाताने फिरवून पाहिल्याशिवाय कळत नाही, मोटार दुकानात आणावीच लागते.

मुलाचं नुकसान वेगळं झालं. तिसरीत असताना तो सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली हा अभ्यासाचा कार्यक्रम आवडीने बघायचा, आम्हीही त्याच्या शेजारी बसायचो. पण शाळा पूर्ण सुरू झाल्यावर ध्यानात आलं की जोडाक्षर आलं की गडी अडतो. हे एकट्या आमच्या पोराचं नव्हतं. 'असर' नावाची खेड्यातल्या मुलांच्या शिक्षणाची पाहणी होते, तिच्यात देशभरातल्या ग्रामीण भागात तिसरीची जी मुलं दुसरीचा उतारा वाचू शकत होती, ती २०१८ ला २७.३ टक्के होती, २०२२ ला २०.५ वर आली. आणि घरात स्मार्टफोन असून चालत नाही. असरनेच २०२१ ला दाखवलं की फोन असलेल्या घरांतल्या २६.१ टक्के मुलांच्या हाती तो येतच नव्हता. आमच्याकडे तेच. फोन माझ्यासोबत दुकानात, मी घरी यायचो रात्री आठला, तोवर पोरगा पेंगलेला.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. आमच्या घरात अहिराणी बोलतात. मोबाईलवरचे शिक्षक चांगलं शिकवतात, पण ते पुस्तकाच्या मराठीत, एका दमात. गावातले सर अपूर्णांक शिकवताना पोराच्या चेहऱ्याकडे बघून मध्येच विचारतात, "समजनं का?" आणि नाही समजलं तर तेच अहिराणीत, भाकरीचे तुकडे करून सांगतात. ऑनलाइन वर्गात "समजलं का?" म्हटलं की खाली सगळ्यांचं "येस सर" पडायचं, माझ्या मुलीचंही. नंदुरबार जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे ज्या घरांत भिली किंवा पावरी बोलतात, तिथल्या पोरांना हे अंतर दुप्पट पडत असणार.

म्हणून तालुक्याचा क्लास डोळे झाकून लावा, असं मात्र मी म्हणणार नाही. गेल्या वर्षी मुलासाठी एक क्लास बघायला गेलो. एका हॉलमध्ये सत्तरेक पोरं, पुढे माईक, मागच्या बाकांसाठी भिंतीवर टीव्ही. शेवटच्या बाकावरून मी तासभर बघितलं, सर एकदाही खाली उतरले नाहीत. तिथे बसून पोराने टीव्हीच बघायचा, तर तो घरी बसून का बघू नये? जाण्यायेण्याचा दीड तास तरी वाचेल.

आम्ही शेवटी गावातल्या एका निवृत्त सरांकडे पाठवायला लागलो. संध्याकाळी सहा ते साडेसात, अकरा पोरं, ओट्यावर सतरंजी. वीज गेली तर सर अंगणात घेऊन बसतात. विज्ञानाची चित्रं, प्रयोग, पेशी कशी दिसते, हे सरांकडे नाही. ते मुलगा रविवारी माझ्या फोनवर दीक्षावर बघतो. आधी डाउनलोड करून ठेवतो, म्हणजे रेंजचं दुखणं राहत नाही. मागच्या महिन्यात चौकोन रचना झाली. त्याच्या वहीत दोन ठिकाणी लाल शाईने गोल केलेत आणि बाजूला लिहिलंय, "पेन्सिल टोकदार कर."

माझ्या दोन पोरांवरून सगळ्यांचं सांगता येत नाही, हे मला मान्य आहे. तुमचं पोरगं अकरावी-बारावीचं असेल, स्वतःहून वाचत असेल, एखाद्या विषयाचा चांगला माणूस आसपास नसेल, तर मोबाईलवरचा क्लास उपयोगी पडेल. रोज एसटीने पंचवीस-तीस किलोमीटर जाऊन थकणाऱ्या मुलीलाही तो बरा पडेल. आठवी-नववीच्या पोरांना मात्र, माझ्या मते, वहीवर वाकणारा एक माणूस लागतो. तो गावात, शेजारच्या गावात, कुठेही मिळत असेल तर आधी तिकडे जा, फोन मागून येऊ द्या.

मोबाईलचाच लावायचा असेल तर वर्षाचे पैसे एकदम भरू नका, महिन्याचे भरा. दर रविवारी पोराची वही मांडीवर घ्या, सगळी पानं चाळा आणि त्या महिन्यात कुणी एक तरी चूक दाखवली का ते बघा.