जाळून बघायला दिलेला तुकडा रेशमाचा, अभ्रा मात्र पॉलिस्टरचा

उशीचा रेशमी अभ्रा ऑनलाइन घ्यायच्या विचारात असाल तर हे आधी वाचा. माझी फसवणूक नुसत्या खोट्या लेबलाने झाली नाही. पाकिटात अभ्र्याबरोबर त्याच रंगाचा, बोटभर लांबीचा कापडाचा तुकडा होता आणि सोबत चिठ्ठी: ‘खात्री करून घ्या, जाळून बघा.’ मी जाळला. केस जळल्यासारखा वास आला, ज्योत बाजूला घेताच तो विझत गेला, राहिलेली राख बोटांत चुरली. अस्सल रेशीम असंच जळतं. तो तुकडा खरोखरच रेशमाचा होता. अभ्रा नव्हता.

जाहिरात समोर आली तेव्हा माझे केस भयंकर गळत होते. मोठा ताप येऊन गेला होता आणि त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी कंगव्यात पुंजकेच्या पुंजके यायला लागले. अशा वेळी माणूस रात्री जागून काय शोधतो हे विकणाऱ्यांना नेमकं ठाऊक असतं. केसगळती थांबते, सुरकुत्या पडत नाहीत, पिंपल्स जातात, रेशमातली अमिनो आम्लं रात्रभर त्वचेत मुरतात, असं सगळं एका पानावर होतं. खाली ‘१००% मलबेरी सिल्क, २२ मॉमी, ६ए ग्रेड’, म्हणजे तुतीच्या पानांवर वाढलेल्या किड्यांचं रेशीम, त्याच्या कापडाचं वजन आणि सुताची श्रेणी. किंमतही अस्सल रेशमाला शोभेल अशी. स्वस्तात मिळतंय म्हणून भुलले असं झालं नाही, आणि म्हणूनच सांगते, जास्त किंमत ही खरेपणाची खूण धरू नका.

अभ्रा दिसायला देखणा होता. हात फिरवला की सरकन निसटायचा. पण रात्री गालाखाली घाम साचायचा, मानेपाशी चिकचिक व्हायची, आणि कूस बदलली की उशीची दुसरी बाजूही तशीच. विक्रेत्याला विचारलं तर उत्तर आलं, ‘नवीन सिल्क आहे, दोन-तीन धुण्यांनंतर मऊ पडेल.’

खरा प्रकार उघडकीस आणला माझ्या धाकट्या बहिणीने. ती शिवणकाम करते. तिने अभ्रा उलटा केला, आतली शिवण बघितली आणि म्हणाली, “ताई, तू त्यांनी दिलेला तुकडा जाळलास. अभ्र्याचा धागा जाळलास का?” शिवणीच्या आत कापडाची कड थोडी सुटलेली होती. तिथून तिने आडवे-उभे दोन्ही धागे ओढून काढले (शिवायचा दोरा नव्हे, तो बहुतेक वेळा पॉलिस्टरचाच असतो), चिमट्यात धरले आणि स्टीलच्या सिंकवर काडी लावली. धागा ज्योतीजवळ नेताच आखडून मागे सरला, वितळला, काळपट धूर सोडला. प्लास्टिकसारखा गोडसर वास पसरला. गार झाल्यावर टोकाला मोहरीएवढी काळी गाठ राहिली होती. नखाने दाबली, दोन बोटांत रगडली, फुटली नाही. दुसऱ्या बाजूच्या कापडाचाही धागा काढून पाहिला, कारण काही जण वरची बाजू रेशमाची आणि खालची पॉलिस्टरची लावतात. माझ्या अभ्र्याच्या दोन्ही बाजू वितळल्या.

मग मॉमीचा हिशेब केला. मॉमी हे रेशमी कापडाच्या वजनाचं माप आहे. १ मॉमी म्हणजे चौरस मीटरला साधारण ४.३४ ग्रॅम. २२ मॉमीचं कापड चौरस मीटरला जवळजवळ ९५ ग्रॅम भरायला हवं. ५० बाय ७५ सेंटीमीटरच्या अभ्र्याच्या दोन बाजूंना मिळून पाऊण चौरस मीटर कापड लागतं, म्हणजे शिवण आणि आतली पट्टी न धरताही ७० ग्रॅमच्या वर वजन आलं पाहिजे. माझा अभ्रा स्वयंपाकघरातल्या काट्यावर चेनसकट ५२ ग्रॅम भरला. वजन बरोबर भरलं म्हणून कापड रेशमाचं ठरत नाही हे लक्षात ठेवा. पण वजन कमी भरलं तर मॉमीचा आकडा खोटा हे नक्की. ६ए ही श्रेणी तर कच्च्या रेशमाच्या सुताला देतात. शिवून तयार झालेल्या अभ्र्यावर ती छापलेली असते तेव्हा आपल्या हातात फक्त विक्रेत्याचा शब्द असतो.

तक्रार केल्यावरची उत्तरं वाचून माझा संताप झाला. आधी म्हणाले, ‘सॅटिन सिल्क हे सिल्कच असतं.’ हे धादांत खोटं आहे. सॅटिन ही विणीची पद्धत. त्यात एक धागा चार किंवा त्याहून जास्त धाग्यांवरून मोकळा जातो आणि म्हणून पृष्ठभाग गुळगुळीत, चमकदार होतो. ही वीण रेशमात करता येते तशी पॉलिस्टरमध्येही, आणि बाजारातलं बहुतेक सॅटिन पॉलिस्टरचंच असतं. मग त्यांनी ओएको-टेक्स स्टँडर्ड १०० चं प्रमाणपत्र पाठवलं. कापडात अपायकारक रसायनं आहेत का, याची ती तपासणी. धागा कशाचा आहे याची हमी त्यात नसते आणि पॉलिस्टरच्या कापडालाही ते प्रमाणपत्र मिळतं. त्यावरचा क्रमांक ओएको-टेक्सच्याच संकेतस्थळावर टाकून पाहता येतो. मी टाकला तेव्हा तो भलत्याच कुणाच्या नावावर निघाला. हे कळवल्यावर सूर बदलला. अर्धे पैसे देतो, पण अभिप्राय काढून टाका. मी नाही म्हटलं. ‘वापरलेली वस्तू आरोग्याच्या कारणास्तव परत घेतली जात नाही’ असा निरोप आला आणि संभाषण बंद झालं.

इथपर्यंतची फसवणूक एका काडीने पकडता आली. पण अभ्रा अस्सल रेशमाचा निघाला असता तरी माझी केसगळती थांबली नसती, आणि ही फसवणूक मला जास्त गंभीर वाटते. मोठ्या तापानंतर किंवा बाळंतपणानंतर बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. ते मुळाशी घडतं, आणि बहुतेकांचे केस काही महिन्यांत आपोआप परत येऊ लागतात. त्वचारोगतज्ज्ञांनी मला हेच समजावून सांगितलं. आनुवंशिक टक्कलही मुळाशीच ठरतं. उशीवर घासून केस मधेच तुटू शकतात, पण तुटणं आणि मुळातून गळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. धडधाकट माणसाचेही रोज ५० ते १०० केस गळतात. घाबरलेल्या माणसाला हे न सांगता अभ्रा विकणं मला अत्यंत नीच वाटतं, कारण कुणाची थायरॉइडची किंवा लोहाच्या कमतरतेची तपासणी त्यापायी लांबते.

अमिनो आम्लांचंही तसंच. रेशीम प्रथिनांचंच असतं हे खरं, पण त्यातली अमिनो आम्लं धाग्याच्या साखळीत घट्ट बांधलेली असतात. झोपेत ती सुटून गालात मुरत नाहीत. ‘रेशीम ओलावा शोषत नाही, म्हणून क्रीम चेहऱ्यावरच राहतं’ हा दावा तर सर्रास दिसतो. वस्त्रोद्योगात प्रमाण मानलेले आकडे पाहा: हवेतला ओलावा रेशीम स्वतःच्या कोरड्या वजनाच्या ११ टक्के धरतं, कापूस ८.५ टक्के आणि पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. माझ्या गालाखाली घाम का साचत होता याचं उत्तरही बहुधा त्याच आकड्यात आहे. झोपेतल्या सुरकुत्या चेहरा उशीवर दाबला गेल्याने पडतात. कापड बदललं तरी डोक्याचं वजन तेवढंच राहतं. रेशमाने ॲलर्जीचा त्रास होत नाही, असंही सांगतात. पण धुळीतल्या माइट्सची (डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांची) ॲलर्जी असेल तर चादरी-अभ्रे ६० अंशांच्या पाण्यात धुवायला सांगतात, आणि रेशमाच्या लेबलवर बहुधा ३० अंशच असतात. पिंपल्स येत असतील तर अभ्रा कशाचा आहे यापेक्षा तो वारंवार धुतला जातो का, हे आधी बघा.

गुळगुळीत अभ्र्याचा खरा फायदा आहे, तो नाकारत नाही. केस कमी घासले जातात, गुंता कमी होतो, कुरळे किंवा रंगवलेले कोरडे केस सकाळी कमी पिंजारलेले दिसतात. गालावर उठणारे वळही थोडे कमी होतात. पण हे काम पॉलिस्टरचं सॅटिनही करतं, आणि ते पॉलिस्टर म्हणून, पॉलिस्टरच्या भावात मिळतं. घाम फार येत असेल तर रेशीम जास्त सुखाचं. त्यासाठी पैसे मोजायचे असतील तर जरूर मोजा, फक्त रेशीमच पदरात पडतंय ना हे बघा. ‘सिल्की’, ‘सिल्क टच’, ‘आर्ट सिल्क’ (म्हणजे कृत्रिम रेशीम) असे शब्द दिसले की धाग्याचं नाव आणि टक्केवारी लेखी मागा. पाकीट फोडतानाचा व्हिडिओ काढा, अभ्र्याच्या आतल्या शिवणीतून दोन्ही बाजूंचे धागे काढून तपासा, आणि हे सगळं परतीची मुदत संपायच्या आत करा. जाळताना खिडकी उघडी ठेवा, जवळ पाणी ठेवा, वितळलेल्या थेंबाला लगेच हात लावू नका.

आणि खरेदीच्या दिवशीच विक्रीच्या पानाचे फोटो जपून ठेवा. माझ्या तक्रारीनंतर त्या पानावरचं ‘१००% मलबेरी सिल्क’ जाऊन तिथे ‘सिल्की सॅटिन’ आलं. जुन्या पानाचे फोटो, वजनकाट्याचा फोटो आणि काळ्या गाठीचा फोटो मी पैसे परत मिळण्यासाठी बँकेकडे दिले आहेत. निकाल अजून यायचा आहे.